मेटुगेच्या पाण्यातला थोरला

मेटुगे चालायचा तेव्हा त्याचं पाऊल आधी जमीन चाचपायचं आणि मगच टेकायचं. सगळा जन्म ओल्या कातळावर गेलेला. बाजाराच्या कोरड्या रस्त्यावरही तो तसाच चालायचा, आणि केळ्यांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया त्याला हाक मारायच्या, "अरे मेटुगे, रस्त्याला शेवाळ नाही धरलेलं. टाक की पाय नीट!" मेटुगे मान खाली घालून हसायचा आणि पुढे जायचा. उत्तर त्याला सुचायचं ते घरी पोचल्यावर.

एकुम ओढ्याच्या काठच्या माणसांचं असंच होतं. ओढा इतका गर्जतो, की शेजारी उभ्या असलेल्याला बोललेलं ऐकू जात नाही. तिथे दिवस काढलेल्या माणसाला मग गावात आल्यावरही बोलायची सवय राहत नाही.

आमच्याकडे जसं कुणाचं कोकोचं शेत असतं, तसं कुणाचं पाणी असतं. एकुम डोंगरावरून उड्या घेत उतरतो. या धबधब्यापासून त्या आडव्या पडलेल्या झाडापर्यंत एकाचं, तिथून खालच्या उतारापर्यंत दुसऱ्याचं. बापाकडून मुलाकडे. दुसऱ्याच्या पाण्यात अंघोळ करावी, खेकडे धरावेत, कुणी काही म्हणत नाही. थोरल्याला मात्र हात लावायचा नाही.

थोरला म्हणजे तो मोठा बेडूक. दोन्ही हातांनी उचलावा लागतो आणि उचलला की तान्हं पोर उचलल्यासारखं वाटतं, तसाच मऊ, तसाच जड. त्याला ओरडता येत नाही. जिथे पाणी कातळावर आपटून फुटतं तिथे तुषारांत तो बसून राहतो, कातळासारखाच काळपट हिरवा. नवख्या माणसाला तो दिसतो तो उडी मारून गेल्यावरच.

बाकीचे लोक थोरल्याला जाळ्यात धरायचे, नाहीतर छऱ्याच्या बंदुकीनं मारायचे. मेटुगे हातानं धरायचा. ही त्याच्या बापाची रीत. बेडूक बसतो तो काठाकडे तोंड करून, कारण मरण काठावरून येतं हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पाठीमागच्या धारेकडे तो बघत नाही. मेटुगे सकाळी, ऊन घळीत उतरायच्या आधी, वरच्या बाजूनं पाण्यात शिरायचा. कातळाला पोट लावून, धार डोक्यावर घेत, इंच इंच खाली सरकायचा. गार पाण्यानं ओठ निळे पडायचे. मग एक हात पाण्यातून बाहेर यायचा आणि बेडकाची कंबर पकडायचा. तरुणपणी त्याचा हात चुकला असं कुणी सांगत नाही. चुकला असेलही, पण बघायला तिथे दुसरं कोण असायचं?

या बेडकाचा आणि आमच्या लेकीबाळींचा एक संबंध आहे. लेकीचं पोट झाकेनासं झालं, की बापानं आपल्या पाण्यातला थोरला जिवंत धरायचा आणि तिच्या सासरी न्यायचा. ती अंगणात चटईवर बसते. सासरची वडीलधारी बाई विचारते, "कुठल्या पाण्यातला?" बाप म्हणतो, "माझ्या पाण्यातला. माझ्या बापानं मला दिलेल्या पाण्यातला." एवढं बोलून तो बेडूक लेकीच्या मांडीत ठेवायचा. बेडूक लाथ झाडतो. त्या लाथेतलं बळ पोटातल्या पोराच्या पायांत उतरतं असं मानतात. मग बेडूक शिजवतात आणि मांडीचं मांस लेकीला देतात. बाप रिकाम्या हातानं आला तर त्यानं अंगणात पाऊल टाकायचं नसतं. आणि ते शब्द खोटे बोलला तर पोर जगत नाही.

मेटुगेची बायको मेसोडे हिच्यासाठी तिच्या बापानं असाच थोरला आणला होता, आणि त्यानं अशी लाथ झाडली होती म्हणे की मेसोडेच्या सासूच्या हातातली ताडीची वाटी सांडली. मग अहोने जन्मली. एकटीच. अहोने चालायला लागली, आणि काही वर्षांत मेसोडे तापानं गेली. मेटुगेनं दुसरी बायको केली नाही. लोक म्हणाले, प्रेम होतं. अजेबे, त्याची धाकटी बहीण, म्हणायची, "प्रेम कसलं? दुसरीला मागणी घालायला तोंड उघडावं लागलं असतं."

पुढे बेडूक कमी झाले. कशानं झाले ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं मोटारसायकलवरून येणारे व्यापारी, जे शहरातल्या खाणावळींसाठी मागाल तेवढे घेऊन जायचे. कुणी म्हणतं वर कुणीतरी कोकोवर फवारायचं औषध पाण्यात ओतून झिंगे धरतं, त्यानं. वरचं जंगल तुटलं, पावसाबरोबर माती आली आणि कातळ बुळबुळीत झाले हे तर सगळ्यांनी पाहिलं. बेडकाची पिल्लं एकच पाला खातात, धारेखालच्या कातळाला चिकटून वाढणारा. मातीखाली तो पाला मेला. मेटुगेनंही व्यापाऱ्यांना बेडूक विकले होते. त्याच्या घरावरचे पत्रे त्याच पैशांचे. पावसात पत्रे वाजायला लागले की तो कधी कधी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

अहोनेचं लग्न डोंगरापलीकडच्या गावात, एनोंगेनेशी झालं. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मेटुगेनं आपलं सगळं पाणी पालथं घातलं. काही मिळालं नाही. शेवटी केळीचा घड आणि अळकुड्या डोक्यावर घेऊन तो गेला, आणि अंगणाच्या कडेला, कुंपणाबाहेर उभा राहिला. अहोने दारात आली. एकमेकांकडे त्यांनी बघितलं. एनोंगेनेच्या आईनं घड आत नेला आणि म्हणाली, "केळी चांगली आहेत, व्याही." बस, एवढंच. पोर जन्मलं ते निळं, आणि रडलंच नाही.

कुणी मेटुगेला दोष दिला नाही. पण त्यानंतर तो त्या गावाला गेला नाही. अहोने एकदा येऊन राहून गेली, त्याच्यासाठी वाटलेल्या चवळीची कोकी केळीच्या पानात उकडून ठेवून गेली. त्या विषयावर ना ती बोलली, ना तो.

मग एके दिवशी अजेबे बाजारातून तडक त्याच्याकडे आली, डोक्यावरची पाटीही न उतरवता.

"दादा, अहोनेला दिवस गेलेत."

"कुणी सांगितलं?"

"पोटानंच सांगितलं. आता झाकत नाही. बाजारात भेटली."

"बरी आहे?"

"बरी आहे, खातेपिते. विहीणबाई बरोबर होती. मला म्हणाली, 'तुमच्या भावाला सांगा, या वेळी आम्ही वाट बघतोय.' गोड बोलली हो. तिच्या मधात माशी असते, तुला ठाऊक आहे." अजेबेनं पाटी उतरवली आणि त्याच्यासमोर बसली. "तुझ्या पाण्यात आहे का काही?"

"बघतो."

"मागच्या वेळीही बघतोच म्हणाला होतास. नसेल तर नाही म्हण, दादा. मी लूमच्या बाजारातून आणवते. मोटारसायकलवाल्यांकडे अजून मिळतो एखादा, कुठूनतरी लांबून आणतात. कुणाला कळतंय कुठला ते?"

"शब्द बोलावे लागतात, अजेबे."

"मग बोल. जीभ झिजते का?"

"पोर जाईल."

अजेबेनं पाटीतून पानात गुंडाळलेली, उकडलेल्या कसाव्याची एक कांडी काढली, त्याच्यापुढे ठेवली आणि निघून गेली.

मेटुगे रोज सकाळी पाण्यावर जायला लागला. आता त्याला धारेखाली सरकणं जड जायचं, गुडघे धरायचे. तरी तो एकेक कातळ, एकेक कपार बघायचा. मागच्या वेळी शब्द बोलता आले नाहीत, पोर गेलं. या वेळी खोटे बोलले तर पोर जाणार, आणि बोलले नाहीत तरी. वाट एकच होती, आणि ती त्याच्या पाण्यातल्या एखाद्या कपारीत होती, नाहीतर कुठेच नव्हती.

त्याच्या वरचं पाणी न्जुमेचं. न्जुमे त्याच्याच वयाचा, एका डोळ्यात फूल पडलेला, आणि एकुमच्या काठचा असूनही बोलका. त्याची बायको तरुणपणीच माहेरी निघून गेली होती, पोर ना बाळ. तो रोज वरून उतरून यायचा आणि मेटुगेच्या काठावर बसून ओरडायचा, कारण ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

"मला एकच डोळा, म्हणून मला अर्धेच बेडूक दिसतात! तुला दोन आहेत, तुला एकही दिसत नाही!"

मेटुगे पाण्यातून डोकं वर काढायचा. "जा रे घरी!"

"घरी कोण आहे? इथे निदान तू तरी आहेस, बेडकाच्या जागी बसलेला! व्यापारी आला तर तुलाच धरून नेईल!"

असे बरेच दिवस गेले. मग न्जुमे यायचा बंद झाला. मेटुगेला वाटलं, कंटाळला असेल.

एका सकाळी मेटुगेला धबधब्याखालच्या कडेच्या उथळ पाण्यात एक गोष्ट दिसली आणि तो जागच्या जागी थांबला. वाळूतले गोटे कुणीतरी बाजूला सारले होते. मध्ये ताटाएवढी स्वच्छ जागा, भोवती गोट्यांचं कडं. मादीनं अंडी घालायच्या आधी थोरला असंच घर करतो. पाय रोवून गोटे ढकलतो, आणि मग रात्रभर त्याच्यापाशी बसून राहतो. कितीतरी वर्षांत मेटुगेनं असं घर पाहिलं नव्हतं.

तो काठावर बसला. थोडा वेळ तो रडलाही असावा, पण तुषारांत भिजलेल्या तोंडावर ते कळलं नसतं. त्याचा बाप घर करणाऱ्या बेडकाला धरायचा नाही. म्हणायचा, घर बांधणाऱ्याला उचलू नये. मेटुगेला ते आठवलं आणि त्यानं ते बाजूला ठेवलं. अहोनेचं पोट वाढत होतं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडता उजाडता वरच्या अंगानं पाण्यात शिरला. त्या घरापाशी, एका कपारीत, थोरला बसला होता. काठाकडे तोंड करून. मेटुगे धारेखालून सरकत आला. गुडघा एका दगडावर आपटला, तोंडात पाणी गेलं, पण तो थांबला नाही. हात बाहेर आला आणि कंबरेवर बसला.

बेडूक फारसा झगडला नाही. मेटुगेनं तो छातीशी धरून काठावर आणला. ओल्या पानांत गुंडाळायला म्हणून त्यानं त्याचे पाय सरळ केले, आणि तिथे थांबला. मागच्या डाव्या मांडीवर कातडी सोलवटलेली होती. गोल, बारीक वळ. ताडाच्या पानाचा दोर बांधून ठेवला की असा वळ पडतो.

मग त्याला ते घर दिसलं. म्हणजे कालच दिसलं होतं, पण त्यानं नीट बघितलं नव्हतं. बेडूक गोटे ढकलतो तेव्हा वाळूत घासत गेल्याच्या रेघा राहतात. इथे एकही रेघ नव्हती. गोटे उचलून ठेवले होते. काहींची शेवाळाची बाजू खाली गेली होती. लहानपणापासून हे दगड बघणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं. डोळ्यांनी ते पाहिलंही असेल. मनानं बघू दिलं नाही.

तो बेडूक घेऊन वर न्जुमेच्या झोपडीकडे गेला. न्जुमे बाहेर बसून अळकुड्या सोलत होता.

"सापडला?" न्जुमेनं वर न बघता विचारलं.

"हा कुणाचा?"

"तुझ्या पाण्यात सापडला ना? मग तुझा."

"मांडीवर दोराचा वळ आहे."

न्जुमेचा सुरा थांबला. "फडकं गुंडाळून बांधायला हवं होतं," तो म्हणाला. "म्हातारपण. सुचलं नाही."

"कधी धरलास?"

"झाले काही दिवस. डोहाच्या कडेला गोणपाटाखाली ठेवला होता. खेकडे भरवत होतो. माझ्यापेक्षा चांगलं जेवलाय तो."

"आणि दगड?"

"कंबर मोडली माझी. तो एवढासा प्राणी ते कसे हलवतो, देव जाणे."

मेटुगे उभाच राहिला. बेडूक त्याच्या हातात पानांच्या पुडक्यात होता आणि पुडकं हलत नव्हतं.

"मला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं तर घेतला असतास?"

मेटुगेनं पुडक्याचं सुटलेलं पान आत खोचलं.

"तुझ्या पाण्यात आणखी आहेत?" त्यानं विचारलं.

"हा होता."

न्जुमेनं सोललेली अळकुडी भांड्यात टाकली. मग एकदम चिडून म्हणाला, "मला ना लेक, ना सून! माझ्या पाण्यातला थोरला मी कुणाच्या मांडीत ठेवू? शेळीच्या? अरे, पाणी माझ्याकडून तुझ्याकडेच येतं. माझ्याकडचा पाला तुझ्याकडे येतो, गाळ येतो, मेलेली घूस येते. ते सगळं तुझं होतं. आणि बेडूक तेवढा माझा राहतो होय?"

"शब्द बोलायचे असतात, न्जुमे."

"मग बोल! खोटं असेल तर ते माझ्या माथी. बाधायला माझ्याकडे आहे तरी कोण?"

मेटुगे खाली उतरला. घरी येऊन त्यानं पुडकं पाण्याच्या हंड्यात ठेवलं आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिला. सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं. सोडायचा कुठे? आपल्या पाण्यात, की न्जुमेच्या? संध्याकाळी अजेबे डोकावली. तिनं हंड्यात बघितलं आणि टाळीच वाजवली.

"आहे की! बघ, मी म्हणत होते ना! आता असं तोंड करून काय बसलास? कुणी मेलंय का?"

"नाही," मेटुगे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो डोंगर ओलांडून गेला. पुडकं दर ओहोळावर भिजवत होता. वाटेत त्यानं ठरवलं की खरं सांगायचं. पुढच्या चढावर ठरवलं की नाही सांगायचं. अंगणाच्या कुंपणापाशी पोचला तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

चटई अंथरलेली होती. शेजारच्या बाया जमल्या होत्या, एनोंगेने कोपऱ्यात ताडीचं भांडं घेऊन उभा होता. अहोने चटईवर बसली होती, चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. तिनं बापाकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या पुडक्याकडे, आणि तिचा चेहरा असा झाला की मेटुगेला पुढे काही ठरवायचं राहिलंच नाही.

"या, व्याही," एनोंगेनेची आई म्हणाली. "कुठल्या पाण्यातला?"

"माझ्या पाण्यातला," मेटुगे म्हणाला. "माझ्या बापानं मला दिलेल्या पाण्यातला."

बायांनी गलका केला. त्यानं पानं सोडली आणि बेडूक लेकीच्या मांडीत ठेवला.

बेडूक बसून राहिला. मान किंचित वर, गळा धडधडत होता. पाय पोटाशी घेतलेले. इतके दिवस बांधलेला प्राणी, लाथ झाडायचं तो विसरला असावा. गलका हळूहळू विरला.

"मेलाय की काय?" एक बाई हळूच म्हणाली.

"श्वास घेतोय."

"दमला असेल, लांबून आलाय."

"आमच्या वेळचा तर चटईवरून उडून चुलीपर्यंत गेला होता," कुणीतरी म्हणालं, आणि कुणी हसलं नाही.

मेटुगे जमिनीकडे बघत होता. मग त्याला अहोनेचा हात दिसला. पोटावरून पदर सावरायला म्हणून तो खाली आला, बेडकाच्या बाजूला टेकला, आणि तिनं दोन नखांत त्याची कातडी चिमटीत धरून पिळली.

बेडकानं लाथ झाडली. एकच, पण जोरात. चटई ओली झाली. बाया ओरडल्या, एनोंगेने हसत पुढे आला, ताडी फिरली. अहोनेनं हात पदराखाली घेतला. बापाकडे तिनं बघितलं नाही.

त्या दिवशी मेटुगेला अंगणात मानानं बसवलं, रस्सा दिला. त्यानं तो खाल्ला. चव कशी होती, हे त्याला नंतर आठवत नसे.

मुलगी झाली. जन्मताच रडली, इतकी की शेजारचे कुत्रे भुंकले. नाव ठेवलं मेसोडे, तिच्या मेलेल्या आजीचं. पण मेटुगेच्या मनातली भीती गेली नाही, उलट आता तिला खायला काहीतरी मिळालं. मुलीला ताप आला की त्याला ते शब्द ऐकू यायचे, त्याच्याच आवाजात. दात उशिरा आले, त्यानं अजेबेला दहादा विचारलं. बरोबरीची पोरं रांगून उभी राहिली, ही बसूनच. अंगणाच्या मधोमध बसायची आणि हाताशी येईल ते तोंडात घालायची. मेटुगे आता दर थोड्या दिवसांनी डोंगर ओलांडून यायचा, कडेला ओट्यावर बसायचा आणि तिच्या पायांकडे बघत राहायचा. जाड, गुबगुबीत पाय. त्यांत बळ नव्हतं असं त्याला वाटायचं. ज्या बेडकाला चिमटा काढून लाथ मारायला लावली, त्याचं बळ उतरणार तरी किती?

न्जुमे त्या पावसाळ्यात गेला. खोकला झाला आणि गेला. त्याला पुरून आल्यावर लोक म्हणाले, आता त्याचं पाणी कुणाचं? खरं तर कुणाला ते नकोच होतं.

आणि मग एका दुपारी, अहोने उखळात कसावा कांडत असताना, मेटुगे एकदम बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तो बेडूक माझ्या पाण्यातला नव्हता."

अहोनेचं मुसळ दोन-तीनदा वरखाली झालं, मग थांबलं.

"माहीत आहे, बाबा."

"तुला कुणी सांगितलं? न्जुमेनं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुमच्या पाण्यात बेडूक नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना. सासूबाईंना. ह्यांना. सासूबाई आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, कुठून तरी आणतील बिचारे, कुणी काही विचारू नका." तिनं उखळातलं पीठ हातानं सारखं केलं. "शब्द विचारावे लागतात म्हणून विचारले."

मेटुगे तिच्या हातांकडे बघत होता.

"आणि तू चिमटा काढलास."

"बाबा," अहोने म्हणाली, "तो लाथ मारत नव्हता." आणि पुन्हा कांडायला लागली.

मेटुगेला वाटलं होतं की हे बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला, पण हलकं वाटलं नाही. इतके महिने तो एकटाच त्या शब्दांना भीत होता. बाकीचे तिथे फक्त बसले होते, जसं लग्नात लांबचे पाहुणे बसतात. त्याला खोटं बोलावं लागेल हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं आणि त्याची लाज राखली होती. न्जुमेनं दगड उचलले, अहोनेनं चिमटा काढला, विहीणबाईंनी विचारायचं ते विचारलं. सगळे चांगलेच वागले. पाणी मेलंय हे मात्र कुणी त्याला तोंडावर सांगितलं नाही.

मुलगी पुढे चालली. उशिरा, पण चालली. एका सकाळी शेळीच्या मागे उठून गेली, असं अजेबेनंच त्याला येऊन सांगितलं. तो हसला, "बरं झालं," म्हणाला. त्या दिवसापासून तो पाण्यावर कमी जायला लागला, आणि मग जायचं सोडूनच दिलं. गुडघे दुखतात, म्हणायचा.

अहोनेला पुन्हा दिवस गेले तेव्हा विहीणबाईंचा निरोप आला. या वेळी त्यांच्या मधात माशी नव्हती. व्याह्यांनी उगाच डोंगरात हिंडू नये, वय झालंय. हल्ली सगळेच कोंबडी आणतात. कोंबडी आणली तरी चालेल.

मेटुगेनं अजेबेकडून एक तांबडी कोंबडी घेतली. "सांभाळून ने," अजेबे म्हणाली, "अंड्यावर होती. चोच मारते." तो डोंगरातून गेला नाही. खालच्या सडकेनं, मोटारसायकलच्या मागे बसून गेला, कोंबडी काखेत धरून, आणि ऊन चढायच्या आत पोचला. त्यानं कोंबडी लेकीच्या मांडीत ठेवली. बाया हसल्या, टाळ्या वाजल्या, छोट्या मेसोडेनं कोंबडीचं शेपूट ओढलं. कुठल्या पाण्यातली, असं कोंबडीला कुणी विचारत नाही. विहीणबाई उठून आत गेल्या, चुलीवर भांडं चढवलं.

जेवताना एनोंगेनेनं विचारलं, "कशी झालीय, बाबा?"

"चांगली आहे," मेटुगे म्हणाला. त्यानं हाड चोखून पानाच्या कडेला ठेवलं. "चांगली आहे. मऊ आहे."